भिंतीतली खोटी चांदणी

आमच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंना मुलं कंपासबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं आणि तिची काही हरकत नव्हती. इतर शाळांत चित्रकलेच्या तासाला मुलं डोंगर, सूर्य आणि दोन झाडं काढून मोकळी होतात. आमच्याकडे ती त्यांना कंपास घेऊन बसवायची. वर्तुळात वर्तुळ, त्यातून चौकोन, चौकोनावर तिरका चौकोन, की झाली आठ टोकांची चांदणी. पेन्सिलीला टोक नसेल तर तिच्या कपाळावर आठी, आणि खोडरबर तर ती वर्गाच्या दारातच काढून घ्यायची. "चुकलं तर चुकलेलं दिसू दे," म्हणायची. "लपवायचं नाही." हे ती इतक्या कडक आवाजात म्हणायची की मला वाटायचं, एका रेघेसाठी पोरांचा एवढा जीव काढायची काय गरज आहे.

मी पी.टी. शिकवते. माझ्या गळ्यात शिट्टी असते आणि माझा भुताखेतांवर, नशिबावर आणि पालकांनी लिहून दिलेल्या पोटदुखीवर विश्वास नाही. कलेतलं मला ओ की ठो कळत नाही. तरी दर वर्षी सहावीची सहल इस्लामी कलेच्या संग्रहालयात निघाली की तिच्याबरोबर माझीच रवानगी व्हायची, कारण काचेच्या कपाटांमधून सहावीची पोरं हिंडवायला कलेपेक्षा शिट्टी जास्त उपयोगाची. मुख्याध्यापक एकदा म्हणाले होते, "तुम्ही दोघी मिळून एक पूर्ण शिक्षिका होता." आम्ही दोघींनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला, आणि त्यातूनच आमची मैत्री झाली.

ती उंच, हडकुळी, आणि चालताना थोडी पुढे झुकलेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आईबरोबर राहायची. आई गेल्यावर एकटी. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की म्हणायची, "कंपास मोडलेला होता गं, दोन टोकं जुळेनात." लोक हसायचे आणि विषय संपायचा. घरात सगळं जागच्या जागी. भिंतीवर एकही चित्र नाही. चित्रकलेच्या बाईच्या घरात चित्र नाही, याचं मला नवल वाटायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "भिंती मोकळ्याच बऱ्या. भरलेल्या भिंतीकडे मला फार वेळ बघवत नाही."

त्या संग्रहालयात शिरलं की पोरं आपोआप कुजबुजत बोलतात. माझ्या शिट्टीला जे जमत नाही ते तिथला अंधार करतो. हस्तलिखितांच्या दालनात दिवे मुद्दाम मंद ठेवलेले, कारण उजेडाने शाई उडते. पुढे पितळेचे दिवे, चांदीच्या तारा ठोकलेली भांडी, कोरीव लाकडाचा एक दरवाजा, जो आता कुठेच उघडत नाही, नुसता उभा आहे. जमीन दगडी, त्यामुळे पावलं वाजतात, आणि पुढच्या दालनात कुणी चालत असलं तर आपल्या मागे चालतंय असं वाटतं. सगळ्यांत शेवटी ती भिंत.

भिंत म्हणजे झिलईच्या फरश्यांची. आठ टोकांची चांदणी, तिच्या बाजूला फुली, पुन्हा चांदणी, अशी खालपासून वरपर्यंत, आणि प्रत्येक चांदणीत पानांची नक्षी. निळा, मोरपंखी, आणि एक तपकिरी रंग जो तिरकं पाहिलं की तांब्यासारखा चमकतो. कुठल्याशा जुन्या इमारतीतून आलेली, आठशे वर्षांपूर्वीची. मला कलेतलं कळत नाही, पण त्या भिंतीसमोर मीही शिट्टी हातात धरून ठेवायचे, वाजू नये म्हणून.

तिथला गाइड दर वर्षी तेच बोलायचा. "या भिंतीतली प्रत्येक चांदणी अस्सल आहे, एक सोडून." मग खालच्या कोपऱ्यातली एक फिकी चांदणी दाखवायचा. "ही आमच्या कारागिराने नंतर बसवली. मुद्दाम फिकी ठेवली आहे. नवीन आहे ते नवीन म्हणून ओळखता आलं पाहिजे, हा इथला नियम. नाही तर ती फसवणूक झाली." पोरं माना डोलवायची आणि कंपासबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पोरांना चित्रं काढायला बसवून ती जी पाठमोरी व्हायची, ती बस सुटायची वेळ झाली तरी हलायची नाही. एकेका चांदणीसमोर थांबायची, वाकायची, पुढे सरकायची. ओठ हलत असायचे. पोरं म्हणायची, बाईंना इथे भूत लागतं. मी दोघातिघांना उठाबशा काढायला लावल्या, पण पोरांचं चुकत नव्हतं.

एकदा तिच्याशेजारी उभी असताना मी खोकला ऐकला. कोरडा, बारीक, घशात धूळ गेल्यासारखा. दोनदा. मला वाटलं रखवालदार. वळून पाहिलं तर रखवालदाराची खुर्ची रिकामी, आणि तो पार पलीकडच्या दालनात पोरांना दरवाजापासून लांब करत होता. कंपासबाईने माझ्याकडे पाहिलं. "तुलाही आला ना ऐकू?" म्हणाली. मी म्हटलं, "वारा असेल." त्या दालनाला खिडकी नाही.

परतताना बसमध्ये पोरं पेंगायला लागल्यावर तिने मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

तिचे वडील त्याच संग्रहालयात डागडुजीचे कारागीर होते. ती फिकी चांदणी त्यांची. ती बसवताना शेजारची चांदणी सैल झाली होती, ती सारखी करायला त्यांनी काढली आणि ती हातातून निसटली. दगडी जमिनीवर पडून तिचे तुकडे झाले. आठशे वर्षं टिकलेली वस्तू, आणि त्यांच्या हातात काही क्षण. दालनात त्या वेळी कुणी नव्हतं. त्यांनी तुकडे डब्यात भरले, घरी आणले, आणि हुबेहूब तशीच दुसरी केली. फिकी नाही. अस्सल दिसणारी. मग भिंतीतल्या बाकीच्या चांदण्याही एकेक काढून साफ करून बसवायच्या होत्याच, त्या गडबडीत ती कुठे लागली ते त्यांच्याखेरीज कुणाला कळलं नाही.

"त्यानंतर बाबा त्या दालनात कधी गेले नाहीत," ती म्हणाली. "लाकडाच्या विभागात बदली मागून घेतली. घरी गप्प. आधी भिंतीवर, जमिनीवर, जेवताना ताटात बोटाने चांदण्या काढायचे. सगळं बंद झालं. मी कॉलेजात असताना छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं, तेव्हा एका दुपारी मला जवळ बोलावून हे सांगितलं. मी विचारलं, बाबा, कुठली ती? तर म्हणाले, शोध. तुला सापडली तर मी कारागीर कसला. आणि हसले, आणि हसता हसता खोकले. दुसऱ्या दिवशी गेले."

मी म्हटलं, "अगं, मग झालं ते झालं. कुणाचं काही अडलं नाही."

"मला अजून कळलेलं नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते बढाई मारत होते की माफी मागत होते. आणि तुकडे? तुकड्यांचं काय केलं त्यांनी? मी आणि आईने घर पालथं घातलं. माळा, पेट्या, हत्यारांचे डबे. एक कपची नाही. रस्त्यात पडलेलं खेळणं दिसलं तरी ज्या मुलाचं आहे त्याला शोधून देणारा माणूस. त्याने ते कचऱ्यात टाकले? टाकले असतील तर मी ज्या माणसाला बाबा म्हणत होते तो कोण होता?"

बसमध्ये पुढच्या बाकावरचं कुणीतरी पोर झोपेत बडबडलं आणि आम्ही दोघी दचकलो.

तेव्हापासून दर वर्षी ती मला सांगायची, यंदा सापडली. वरच्या बाजूची, मोरपंखी. पुढच्या वर्षी म्हणायची, ती नव्हे, डावीकडची. तिच्या पानाचं वळण फार सफाईचं आहे, जुन्या लोकांचा हात एवढा भित्रा नसतो. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी तिसरीच. "बाबा हलवतात," ती एकदा म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जशी शिपाई बाकं हलवतो म्हणावं तशी. "मी जवळ गेले की दुसरीकडे जातात." मला तिचा राग यायचा. चांगली हातीपायी धड बाई, एका भिंतीपायी स्वतःला वेडं करून घेतेय. "तुझ्या बापाला दुसरा उद्योग नाही का," असंही मी एकदा बोलून गेले. ती हसली. "नाही ना," म्हणाली. "म्हणून तर मी जाते."

मग यंदा, तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, बातमी आली की भिंत उतरवली आहे. मागून ओल चढली होती. सगळ्या फरश्या काढून, साफ करून, तपासून पुन्हा लावणार होते. शेवटचं दालन बंद. मुख्याध्यापक म्हणाले, सहल मग तारांगणाला नेऊ. कंपासबाईने संग्रहालयात जाऊन काय जादू केली कोण जाणे, दुरुस्तीच्या खोलीत मुलांना नेऊन प्रत्यक्ष काम दाखवायची परवानगी घेऊन आली. आली ती पांढरीफटक. शिक्षकांच्या खोलीत माझ्याशेजारी बसली.

"प्रत्येक चांदणी उलटी करून बघतायत," ती म्हणाली. "मागून कळतं. पुढून नाही कळलं तरी मागून कळतं. जुन्या एका टेबलावर, नंतरच्या दुसऱ्या टेबलावर. नंतरच्या परत भिंतीत जाणार नाहीत, गोदामात जाणार. आणि बाबांचं नाव निघालं तर काय म्हणून निघणार, सांग. फसवणारा म्हणूनच ना."

"मग जाऊच नकोस."

"ते पकडले जात असताना तिथे त्यांच्या बाजूचं कुणीतरी नको का?"

सहलीच्या सकाळी बसमध्ये ती एकटी पुढे बसली. मी पोरांचा गोंगाट चालू दिला, कारण शांतता झाली असती तर मला तिच्याकडे बघावं लागलं असतं.

दुरुस्तीची खोली दालनांसारखी अंधारी नव्हती. लांबच लांब, पांढऱ्या उजेडाची, आणि ओल्या मातीचा आणि स्पिरिटचा वास. दोन मोठी टेबलं, त्यांवर जाड लोकरी कापड, आणि त्या कापडावर सगळ्या चांदण्या पालथ्या. सगळा रंग खाली तोंड करून पडलेला. वर नुसती विटकरी माती. इतकी वर्षं जिच्यासमोर आम्ही उभ्या राहायचो तिची पाठ ही अशी होती. नंतरच्या चांदण्यांच्या टेबलावर एकच होती, ती फिकी.

तिथे काम करणारी मुलगी तिशीचीही नसेल. पांढरा कोट, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पोरं तिला लगेच ताई म्हणायला लागली. ती छान बोलत होती, गाइडसारखं पाठ केलेलं नाही. साच्यात ओली माती कशी दाबतात, कारागिरांच्या तळव्यांच्या खुणा कशा राहतात, चुन्याचा थर बघून काय काय कळतं. पोरं टाचा उंचावून बघत होती. कंपासबाई दाराशीच उभी. आत यायला पाय उचलत नव्हता.

"आणि ही," ताई म्हणाली, "ही माझी लाडकी. आणि माझी डोकेदुखीसुद्धा." तिने हातमोजे घातलेल्या हातांनी एक चांदणी अलगद पुढे सरकवली. "हिच्या पाठीवर बघा काय आहे."

मातीत तीन खळगे होते. एका ओळीत, शेजारी शेजारी. बोटं रुतलेली. पण इतकी लहान बोटं की माझ्या शेजारच्या मुलीने आपली बोटं वरून धरून पाहिली तर तिचीही मोठी पडली.

"लहान मूल होतं," ताई म्हणाली. "कारखान्यात मुलंही हाताखाली असायची. कुणीतरी त्याला सांगितलं असेल, दाब जरा. पण मला हिचं कोडं सुटत नाही. बाकीच्यांच्या मागे जुन्या चुन्याचा थर अजून चिकटलेला आहे, हिच्या मागे नाही. त्यावरून ही नंतरची. पण मातीत बघावं तर भाजलेल्या जुन्या फरशीची पूड मिसळली आहे. तीच माती, तीच झिलई, अगदी बाकीच्यांसारखी. त्यावरून ही जुनी. आज मला ठरवायचं आहे, या टेबलावर की त्या. तुम्ही सांगा."

पोरांनी एका सुरात सांगितलं, जुनी. पोरांना सगळं जुनंच हवं असतं.

कंपासबाई टेबलाजवळ कधी आली ते मला कळलं नाही. ती त्या तीन खळग्यांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. तिने माझ्या दंडाला धरलं आणि माझ्याच कानात, पोरांना ऐकू जाणार नाही असं, भराभर बोलायला लागली.

"आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. घरात मी आणि बाबा. ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसून खलबत्त्यात काहीतरी कुटत होते. दिवसभर. मी म्हटलं, बाबा काय आहे, तर म्हणाले मसाला. आई परत आली आणि भाजीत कचकच लागायला लागली. आमटीत कचकच. आईने दुकानदाराला शिव्या घातल्या, डाळ बदलली, मीठ बदललं, शेवटी खलबत्ताच फेकून दिला. बाबा मान खाली घालून जेवायचे." तिला दम लागला होता. "फुटलेली चांदणी त्यांनी टाकली नाही गं. कुटली आणि हिच्याच मातीत घातली. आणि माती साच्यात भरताना मला म्हणाले, कोपऱ्यात दाब, तुझी बोटं बारीक आहेत, हवा राहिली तर भट्टीत फुटेल. आणि पुन्हा फुटली तर मला जागा नाही, असं म्हणाले. मी विचारलं, कसली जागा? मी विसरूनच गेले होते. इतकी वर्षं मी पुढून शोधत होते."

मी तिच्या हातावर हात ठेवला.

टेबलापलीकडून एका मुलाने, ज्याला वर्गात कधी कंठ फुटत नाही अशा, ताईला विचारलं, "ते मूल आता मेलं असेल ना?"

"खूप आधी," ताई म्हणाली. "शेकडो वर्षांपूर्वी."

"अजून नाही," कंपासबाई म्हणाली.

पोरं हसली. त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. ताई मात्र हसली नाही. तिने आधी कंपासबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग हाताकडे.

गप्प बसायला अजून वेळ होता. हे मी नंतर किती वेळा मनात घोळवलं. पोरांनी मत दिलंच होतं. ती गप्प राहिली असती तर चांदणी जुन्यांच्या टेबलावर राहिली असती, परत भिंतीत गेली असती, वडिलांची लबाडी कायमची पचली असती, आणि तिला दर वर्षी तिकीट काढून तिच्यासमोर जाऊन उभं राहता आलं असतं. मी तिचा हात दाबलासुद्धा. तिने माझा हात हळूच बाजूला केला.

"ही नंतरचीच," ती ताईला म्हणाली. "माझ्या वडिलांनी केली. ते इथेच कामाला होते. मूळची त्यांच्या हातून फुटली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, हे त्यांचं चुकलं. फार चुकलं. पण तिची एक कपचीही त्यांनी बाहेर टाकली नाही. सगळी हिच्यात आहे. ही बोटं माझी."

पोरांना काही कळलं नव्हतं, पण ती गप्प झाली होती. आणि त्या शांततेत मी पुन्हा तो कोरडा खोकला ऐकला. एकदाच. दार बंद होतं. मी या वेळी मागे वळून पाहिलं नाही.

ताईने ते तीन खळगे पुन्हा एकदा निरखले. मग म्हणाली, "मॅडम, नियमाने मला ही त्या टेबलावर ठेवावी लागेल."

"ठेवा."

"म्हणजे परत भिंतीत नाही जाणार."

"माहीत आहे मला. तुम्ही ठेवा."

"त्यांचं नाव काय होतं?" ताईने विचारलं. "हिच्यासोबत लिहावं लागेल. केली कुणी ते."

कंपासबाईने नाव सांगितलं. मी तिच्या वडिलांचं नाव तोपर्यंत कधीच ऐकलं नव्हतं. ती नेहमी बाबाच म्हणायची. ताईने ते हळू आवाजात एकदा म्हणून पाहिलं, बरोबर आहे ना अशा नजरेने, आणि मान हलवली. मग चांदणी दोन्ही हातांनी उचलून पलीकडे नेली, त्या फिकीच्या शेजारी, आणि कापडावर ठेवता ठेवता सुलटी केली. पांढऱ्या उजेडात निळा रंग वर आला. मधे एक लहानसा ससा होता, पानांत लपलेला, एक कान खाली पडलेला.

कंपासबाई वाकून बघत राहिली. "हिच्यावर," ती म्हणाली, "माझा एकदाही संशय गेला नाही. सशाची म्हणून मी पोरांना कायम हीच काढायला द्यायचे."

बाहेर पडायचा रस्ता त्या बंद दालनाच्या बाजूनेच. दारावर दोरी लावली होती. आत भिंतीवर नुसता गिलावा होता, ओलीचे डाग पडलेला. ती दोरीपाशी थांबली, सवयीने. मी पोरांना पुढे काढणार होते, पण तिला बघून थांबले. ती त्या मोकळ्या भिंतीवर डोळे फिरवत होती, खालपासून वर, डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा. कान देऊन ऐकत होती. आत काहीच नव्हतं. मलाही जाणवलं. दालन नुसतं दालन होतं, एक मोकळी खोली, इतकी मोकळी की सहन होत नव्हती. मी मनात म्हटलं, एकदा खोक रे बाबा. माझा विश्वास नाही, पण एकदा खोक.

ती खाली बसली. त्या दगडी जमिनीवर, पाय एका बाजूला घेऊन, आणि रडायला लागली. मोठ्याने, जशा बायका घरातून माणूस उचलून नेताना रडतात, लाज सोडून. पितळेच्या दिव्यांच्या दालनातून रखवालदार धावत आला आणि माझ्याकडे बघून तिथेच थांबला.

मी शिट्टी वाजवली नाही. पोरांना हातानेच खूण केली आणि ती जिथल्या तिथे जमिनीवर बसली. मघाशी प्रश्न विचारणारा मुलगा माझ्याजवळ सरकला.

"बाईंना काय झालं?"

"त्यांचे वडील वारले," मी म्हटलं.

"कधी?"

"आत्ता."